मागचं तळं

रिसॉर्टच्या ऑफिसात एक वही असते. कोणत्या तळ्यात किती मासे लागले, ते जाताना लिहायचं. मागच्या तळ्यापुढे एक निवृत्त पोस्टमास्तर दरवर्षी लिहायचे, 'एकही नाही.' म्हणून तिकडे सहसा कुणी फिरकत नसे, आणि ते आठवडाभर मनसोक्त कार्प पकडून परत पाण्यात सोडायचे. त्यांच्या नोंदीखाली कुणीतरी दरवर्षी लिहायचं, 'मलाही नाही.' त्या बिचाऱ्याची त्यांना कीव यायची.

यंदा त्यांच्या जागेवर एक बाई गळ टाकून बसल्या होत्या.

"लागतोय का काही?" मास्तरांनी पडेल आवाजात विचारलं.

"छे हो, एकही नाही." बाईंनी ओली जाळी पायामागे सरकवली. मग मास्तरांच्या हातातला गळ बघून पिशवी उचलली, जागा करून दिली. "बसा. वहीत तुमच्या खालची ओळ माझी असते."