भट्टीप्रमुखाची खुर्ची

"ऊठ," मागून कोणीतरी म्हणालं.

तिने मान वळवली. तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून एक म्हातारी उभी होती. काटक, ताठ, अंगावर पांढरं. कारखान्याला शंभर वर्षं झाली म्हणून आवारात सगळ्यांचा फोटो निघत होता. पुढे अकरा खुर्च्या. मधली मालकांची, डावीकडची शेवटची भट्टीप्रमुखाची. म्हणजे तिची. बाटल्यांच्या या कारखान्यात तिच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबली, पण तिच्या माहितीत खुर्ची मिळालेली ती पहिलीच.

म्हातारी मालकांच्या घरातली असणार. नाहीतर एका प्रमुखाशी एकेरीत कोण बोलेल? ती मुकाट्याने उठली. मागच्या रांगा भरल्या होत्या, म्हणून कोपऱ्यात जमिनीवर बसली.

आठ दिवसांनी फोटो कचेरीच्या व्हरांड्यात लागला. तिची खुर्ची त्यात रिकामी होती.

"त्या आजी कुठे गेल्या?" तिने स्टोअरकीपरला विचारलं.

"कोण आजी? मॅडम, तुम्ही आपल्या आपण उठलात आणि खाली जाऊन बसलात. आम्ही म्हटलं, एवढ्या मोठ्या झाल्या तरी पाय जमिनीवर आहेत."

तिला हसू आलं नाही. शेजारी कारखान्याच्या पंचविशीचा जुना फोटो होता. एकोणीस वर्षं ती त्याच्यासमोरून जात होती, थांबून पाहिला नव्हता. आज पाहिला. खुर्च्या अकराच. डावीकडची शेवटची रिकामी. आणि कोपऱ्यात जमिनीवर, भुवया करपलेला एक माणूस.

घरी वडील लसूण सोलत बसले होते. तिने त्या जुन्या फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"हे माझे आजोबा. तुझे पणजोबा. भट्टी त्यांच्याच हाताखाली होती तेव्हा. ही खुर्ची त्यांना दिली होती."

"मग खाली का बसलेत?"

"आईने उठवलं, म्हणायचे."

"त्यांची आई होती तिथे?"

"कुठली? ती आदल्याच वर्षी गेली होती. भट्टीची राख उपसता उपसता."

तिने मोबाइल खाली ठेवला. मग तिने म्हातारीचं सांगितलं. वडिलांनी तिचं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे, तसं.

"आजोबा उठले ते उठलेच. आठ दिवसांत खुर्ची भट्टीवरच्या त्यांच्या जोडीदाराला गेली. त्याचे नातू आज बंगल्यात राहतात. आणि आपण? आजोबांनी मरेपर्यंत राखेच्या गाड्या ओढल्या, बाबांनी काच फुंकून छातीचा भाता केला, मी चौतीस वर्षं पेंढ्यात बाटल्या गुंडाळल्या. त्या दिवशी ते नुसते बसून राहिले असते ना, तरी तीन पिढ्यांची हाडं झिजली नसती." त्यांनी मनगट सोडलं नाही. "परत आली तर उठू नकोस. मेलेल्या माणसाला आजचं काय कळतंय?"

सोमवारी तिला पहिल्यांदाच संचालकांच्या बैठकीला बोलावलं. लांब टेबल, बंद काचा, दुपारचं पांढरं ऊन. तिच्या हुद्द्याची पाटी लावलेली खुर्ची तिने ओढली आणि बसली.

एसीच्या गार हवेत गरम राखेचा वास आला. खुर्चीच्या पाठीवर हात टेकल्याचं तिला अंगातून कळलं.

"ऊठ."

समोरच्या कोणीही मान वर केली नाही. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"ऊठ, बाळ."

तिचे गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले. जणू ते तिचे नव्हतेच. तिने टाचा जमिनीत रोवल्या आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "नाही आजी. या वेळी नाही."

मागे कोणीतरी हुंदका गिळला. मग तो हात निघाला. वास गेला. तिला एकदम हलकं वाटलं. संध्याकाळी वडिलांना काय सांगायचं, ते शब्दही तिने मनात जुळवले.

मालकांनी तिच्यापुढे कागद सरकवले. नुसती नावं होती, एकशे बारा. सगळी भट्टीवरची आणि पॅकिंगमधली. पहिल्याच पानावर तिचा चुलतभाऊ होता.

"नवी भट्टी यंत्रावर चालणार. एक तारखेपासून ही माणसं नकोत," मालक म्हणाले. "तुम्हीच सांगा त्यांना. घरच्या माणसाने सांगितलं की कोणी आवाज करत नाही."

तिचं बोट चुलतभावाच्या नावावर थांबलं. मालकांनी समजुतीच्या सुरात पुढे म्हटलं, "घाबरू नका. आमच्या पणजोबांपासून हीच पद्धत आहे. माणसं कमी करायची वेळ आली की त्या खुर्चीत आम्ही तुमच्यातलंच कोणीतरी बसवतो."