शून्य, मावशी

नियम तुम्ही केलात, भिंतीवर तुम्ही चिकटवलात, त्यावर बक्षीसही तुम्हीच घेतलंत. आणि आता सही मात्र वाढणाऱ्या बाईची हवी?

मेसमध्ये वाढणारी मावशी हे मनातल्या मनात म्हणत उभी होती. टेबलापलीकडे तिघं बसले होते: आहाराचा प्रकल्प चालवणाऱ्या मॅडम, विद्यापीठाचे मोठे साहेब आणि मेसचा मॅनेजर. चौथी खुर्ची रिकामी होती, पण ‘बसा’ म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. समोर टाइप केलेला कागद होता. ‘सदर विद्यार्थिनीने स्वखुशीने जेवण नाकारले.’ सदर विद्यार्थिनी तीन दिवस दवाखान्यात होती. तिने अजून डोळे उघडले नव्हते. तिचा बाप बाहेरच्या बाकावर बसला होता. हा कागद त्यालाच वाचून दाखवायचा होता.

नियम साधा होता. जेवणाच्या रांगेत यायचं, पोटावर हात ठेवायचा, डोळे मिटून शरीराला विचारायचं, भूक किती? शून्य ते दहा. जो आकडा येईल तो सांगायचा, त्या मानाने ताट वाढलं जाणार. घास सावकाश चावायचा. शून्याला वाढायचं नाही. आणि वाढणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांत पाटी: ‘आग्रह ही हिंसा आहे.’

नियम सगळाच वाईट होता, असं मावशीही म्हणाली नसती. पोरं मोबाईल खाली ठेवून जेवायला लागली होती. परीक्षेच्या धसक्याने बकाबका गिळणारा एक धटिंगण ताटात काय आहे ते पहिल्यांदाच बघू लागला होता. “मावशी, आज अकरा!” म्हणून तो ओरडायचा. “अकराला पातेलं घासायला मिळतं,” मावशी म्हणायची. रांग हसायची.

ती मुलगी हसायची नाही. पहिल्या वर्षाची. घास मोजून चावायची म्हणून पोरांनी तिचं नाव घड्याळ ठेवलं होतं. “घड्याळ बसलं रे, ती खुर्ची आता तासाभराने मिळेल.” तिला बारीक व्हायचं नव्हतं. ती कुणावर रुसलीही नव्हती. ती फक्त सांगितलेलं ऐकणारी होती. मॅडम म्हणाल्या, भूक असेल तरच खा. ती भुकेची वाट बघत राहिली. आधी सात म्हणायची. परीक्षेच्या आठवड्यात तीन झाले. मग एक. मग ती रोज दोन्ही वेळेला रांगेत यायची, डोळे मिटायची, दाराबाहेर कुणी उभं आहे का याचा कानोसा घ्यावा तशी ऐकत राहायची आणि म्हणायची, “शून्य, मावशी.”

अकरा दिवस शून्य.

मावशीला कळत होतं. ती स्वतः सात वर्षांची असताना घरात अन्न नव्हतं. धाकटी बहीण चार दिवस रडली. पाचव्या दिवशी गप्प झाली. आई म्हणाली, “शहाणी झाली माझी पोर.” सहाव्या दिवशी शहाणी पोर उठलीच नाही. भूक आधी ओरडते, मग तिचा घसा बसतो. हे मावशीला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. तरी ती हातात डाव धरून गप्प राहिली. मागे मॅनेजर उभा असायचा आणि पोटाला नोकरी लागते.

गेले तीन दिवस रांगेत कुणीही डोळे मिटले की तिचा डाव हवेतच थांबत होता. समोर ओळीने मिटलेले डोळे, पोटावर ठेवलेले हात. आता सगळे एकच आकडा सांगणार, असं तिला वाटायचं. तो धटिंगणसुद्धा अकरा म्हणायचा थांबला होता.

“मावशी, सही करा,” मॅडम म्हणाल्या. आवाज लोण्यासारखा. “तुमच्यावर काहीच येत नाही. ती स्वतः शून्य म्हणायची, हे खरं ना?”

“खरं.”

“तिनं कधी वाढा म्हटलं?”

“नाही.”

“मग झालं तर.” मॅनेजरने पेन पुढे सरकवलं. “उगाच फाटे फोडू नका. जेवणाची वेळ होत आलीय.”

मावशीने पेन उचललं. त्याला टोपण लावलं आणि परत ठेवून दिलं.

“वाढा म्हणाली नाही. पण विचारलं होतं तिनं. दहाव्या दिवशी. ‘मावशी, भूक लागते तेव्हा नेमकं काय होतं? मला आठवतच नाहीये.’ तेव्हाच ताट भरून समोर ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. ते पाप माझं. त्याच्यावर सही मागा, आत्ता करते. मी म्हटलं, चल, मॅडमना विचारू. हाताला धरून तुमच्या खोलीपर्यंत आणलं. हात गार पडला होता पोरीचा. ती आत गेली, दार लागलं.”

साहेबांनी मॅडमकडे बघितलं.

“अशी भेट कुठं नोंदलेली नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मी दाराबाहेर उभी होते, मॅडम. बाहेर आली ती हसत. किती दिवसांनी हसली. ‘मॅडमनी शाबासकी दिली,’ एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी रांगेत आली तेव्हा तिनं पोटावर हात ठेवलाच नाही. डोळे मिटले नाहीत. शरीराला काही विचारायचं उरलंच नव्हतं जणू. हसतच शून्य म्हणाली आणि माझ्यासमोर कोसळली.”

“मावशी, तुम्ही दमलाय. जरा बसा,” साहेब म्हणाले.

मावशी बसली नाही. ती दाराशी गेली आणि दार सताड उघडलं. बाकावरचा माणूस दचकून उभा राहिला.

“आत या, दादा. तुमच्या लेकीनं या मॅडमना एक प्रश्न विचारला होता.” ती वळली. “सांगा मॅडम, यांच्यासमोर सांगा. काय उत्तर दिलंत तिला?”