जादा चाकं

मोटारसायकल शेडबाहेर आली आणि वृंदाचं टाळकंच सटकलं. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन चाकं!

"मी फक्त पायाचा गिअर हाताशी आणायला सांगितलं होतं. ही कुणी लावायला सांगितली?"

मिस्त्रीनं तिच्या वडिलांकडे पाहिलं.

"पडलीबिडलीस तर?" अण्णा पुटपुटले.

"लुळा डावा आहे. टेकायला उजवा पाय धडधाकट आहे. काढा ती चाकं!"

मिस्त्रीनं पुन्हा अण्णांनाच विचारलं, "काय साहेब, काढू?"

तिनं हातातली काठी पत्र्यावर दाणकन आपटली. "गाडी माझी आहे. मला विचारा!"

चाकं निघाली. हातानं गिअर टाकत तिनं मैदानाला चक्कर मारली आणि अण्णांसमोर करकचून ब्रेक दाबला.

"बसा मागे. पडायची एवढीच भीती वाटत असेल, तर या चालत."