बिनअंड्याचं वॅफल

"अव्वा, हात काढ. झाकण उघडायचं न्हाई म्हणलं ना तुला."

गंगम्मानं हात मागं घेतला खरा, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मशीनमधलं ते जाळीदार गोड धिरडं, वॅफल, मधोमध फाटलं, अर्धं वरच्या साच्याला चिकटलं, अर्धं खालच्या. तव्यावर भाकरी टाकली की बाईचा हात तिला बघत, दाबत, फिरवतच राहतो. झाकून ठेवायचं आणि नुसतं बसायचं, हे गंगम्माच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

"मला वाटलं करपायलंय," ती म्हणाली. आणि दोघी मायलेकी हसत सुटल्या. हसायची वेळ नव्हती, तरी सुटल्या.

त्रिवेणीला सकाळपासून दम म्हणून निघत नव्हता. नर्सिंग झालेलं, जर्मन भाषेची परीक्षा पास, जर्मनीतल्या दवाखान्याचं बोलावणं हातात, आणि उद्या दुपारपर्यंत येते का नाही ते कळवायचं. सगळं घोडं अडलं होतं आप्पांपाशी. चंद्रप्पांनी एकच धरून ठेवलेलं. "तिथं पावापासून केकापर्यंत समद्यात अंडं. लिंगायताची पोर तिथं खाणार काय?" शेवटी जेवता जेवता एकदा म्हणाले, "तिथलं एखादं गोड, बिनअंड्याचं, हितं आपल्या घरात करून दाव. मग बोलू."

बापानं सहज टाकलेला शब्द पोरीनं खाली पडू दिला नाही. ऑनलाइन मागवलेलं वॅफलचं मशीन काल जिंतूरला आलं आणि तिच्या मांडीवर बसून एसटीनं गावात पोचलं. मैदा, दूध, लोणी, साखर, वेलदोडा. अंड्याच्या जागी दही आणि चिमूटभर सोडा. बिघडलं तर वाया नको म्हणून भीत भीत थोडंच कालवलं होतं.

दुसरं वॅफल मात्र अख्खं निघालं. पत्त्यांतले पाच बदाम टोकाला टोक लावून जोडावेत तसं गोल, तांबूस, कडेला कुरकुरीत. वास तर असा सुटला की दारातली शेळीसुद्धा मान वर करून बघायला लागली. त्रिवेणीला राहवेना. तिनं एक पाकळी मोडली आणि सरळ तोंडात टाकली.

"अव्वा, आगं लय भारी झालंय. खाऊन तर बघ."

गंगम्माचा चेहरा उतरला. "आगं पोरी, उष्टं केलंस की."

त्रिवेणीचा घास तोंडातच राहिला. आप्पा आत पूजेला बसले होते. आधी लिंगाला दाखवायचं, मग स्वतःच्या मुखात, हा त्यांचा जन्माचा नेम. फाटकं चालायचं नाही आणि उष्टं तर नाहीच नाही. दूध संपलेलं. पातेल्याच्या तळाशी पीठ उरलं होतं ते एकाच वॅफलचं.

आनंदाच्या भरात आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, असं मनात म्हणत तिनं पातेलं खरवडून खरवडून पीठ साच्यात ओतलं. झाकण लावलं. गंगम्मानं तर स्वतःचे हात पदरात गुंडाळूनच घेतले. कडेनं वाफ निघायला लागली, आणि तेवढ्यात डोक्यावरचा पंखा हळू होत होत थांबला. मशीनवरचा लाल दिवाही विझला.

"गेली," गंगम्मा म्हणाली. "आताच जायची व्हती मेलीला."

कपाळभर भस्म लावलेले चंद्रप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "नैवेद्य दावायचाय म्हणलीस ना? कुठंय?"

"ह्याच्यात हाय, आप्पा."

"मग काढ की."

"आता काढलं तर फाटंल. लाईट गेली. आतल्या गरमीवर होतंय का बघायलोत."

चंद्रप्पा धोतर सावरत मशीनपाशी उकिडवे बसले आणि झाकणाला कान लावला. "आजून चरचरायलंय," त्यांनी सांगितलं. थोडा वेळ गेला. मग इतके दिवस काही केल्या मन वळू न देणाऱ्या त्या माणसाचा हातही हळूच झाकणाकडं सरकला. "उघडू का?"

"न्हाई," मायलेकी एकदमच म्हणाल्या.

त्यांनी गुमान हात मागं घेतला. तिघंही त्या मशीनभोवती बसून राहिले. वाफ बारीक झाली, आणखी बारीक झाली, थांबली. त्रिवेणीनं झाकण उचललं. रंग जरा फिकाच होता. पण पाचही पाकळ्या जागेवर होत्या, कुठं चीर नाही.

चंद्रप्पांनी ताटली दोन्ही हातांत धरून आत नेली. आतून काहीच आवाज येईना. त्रिवेणीला ती दोन-चार मिनिटं जाता जाईनात.

ते बाहेर आले तेव्हा ताटलीत एक पाकळी कमी होती आणि त्यांचं तोंड हलत होतं. भिंतीला टेकून बसले. दुसरी पाकळी खाल्ली.

"अंडं न्हाई ह्यात?"

"न्हाई आप्पा. दही हाय."

"हं." तिसरी खाल्ली. चौथी सावकाश, चावून चावून खाल्ली. बोटाला लागलेलं लोणी चाटलं. मग उरलेली पाकळी ताटलीसकट बायकोकडं सरकवली आणि पोरीकडं न बघताच विचारलं, "ही गेल्यावर तुला जमंल का गं हे?"

त्रिवेणीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

गंगम्मानं ताटली जवळ ओढली, पण पाकळी काही तिला उचलेना.