नव्या घराचा राक्षस

राक्षस हसत होता. अंबूबाईनं तो डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, दोन पावलं मागं सरून पाहिला. कुठूनही पाहिला तरी तो हसतच होता.

"आवं, ह्याला बघून कोण भिणार?" तिनं नवऱ्याला विचारलं. "ह्यो तर या, बसा म्हणतोय."

नाथाजीनं चिखलाचे हात धोतराला पुसले. नव्या घराच्या दर्शनी भिंतीवर राक्षसाचं तोंड टांगायचं, म्हणजे येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर पडते आणि घर वाचतं, ही रीतच होती. पण तोंडं करणारा कुंभार ऐन वेळी सासुरवाडीला जाऊन बसला. वास्तुशांत उद्यावर आलेली. म्हणून नाथाजीनं आणि त्याच्या घराच्या भिंती चढवणाऱ्या कुतुबुद्दीन गवंड्यानं स्वतःच माती मळायला घेतली. दोघांनी जन्मात राक्षस केला नव्हता. नाथाजीला यायचे बेंदराला पुजायचे मातीचे बैल, आणि कुतुबुद्दीनला यायची भिंत.

पहिलं तोंड कुतुबुद्दीननं केलं. ते अगदी ओळंब्यात होतं. नाक सरळ, कपाळ सपाट, कान एका रेषेत. राक्षस कसला, शाळा तपासायला आलेला साहेब. दुसरं नाथाजीनं केलं. शिंगं झकास जमली, पण शिंगांखाली हात आपसूक सवयीवर गेला आणि बैलाचे गरीब डोळे उमटले. गोठ्यातलं वासरू येऊन ते चाटून गेलं. तिसरं दोघांनी मिळून केलं. सुळे म्हणून भोपळ्याच्या बिया बसवल्या आणि तिथंच घात झाला, राक्षस हसायला लागला.

कुतुबुद्दीनला हसू आवरेना, पण अंबूबाईला हसण्याचं बळ नव्हतं. उद्या सांगलीहून तिची थोरली जाऊ येणार होती. साळूबाईची नजर म्हणजे दगड फुटावा अशी, असं अख्खी भावकी म्हणायची. साळूबाईला मूलबाळ नव्हतं, आणि अशा बाईच्या नजरेचं गाव जरा जास्तच मनावर घेतं. तिनं भोपळ्याचा वेल वाखाणला, तो चार दिवसांत वाळला. पलटणीत निघालेल्या नाथाजीला ती म्हणाली, भावजी, तुमचं पाय कसं खांबासारखं हायती. नाथाजी बर्मातून लंगडत परत आला. गोळी जपान्याची होती, पण अंबूबाईनं जपान्याला कधी दोष दिला नाही.

आणि याच जागेवरचं आधीचं छप्पर जळालं, त्याच्या आदल्या दिवशी साळूबाई म्हणाली होती, किती गार वाटतं गं हितं.

त्यानंतर पाच वर्षं अंबूबाई भावकीच्या सोप्यात कोपऱ्याला चूल मांडून राहिली. हे घर गेलं, तर पुन्हा उभं राहायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"तुमी एवढी लढाई बघून आलासा," ती नाथाजीला म्हणाली. "भ्याव कसं असतं ते ठाव न्हाई तुमास्नी?"

"ठाव हाय," नाथाजी म्हणाला. "पर ते मातीत येत न्हाई गं."

मग कुतुबुद्दीननं तोड काढली. काळा फासू, काळ्याला माणूस भितंच. तव्याखालची काजळी तेलात कालवून दोघांनी राक्षस काळाकुट्ट केला आणि उन्हात वाळत ठेवला. दुपारी कोंबड्या आल्या आणि पुढच्या दोन बिया टिपून गेल्या. आता नवे दात बसवायला माती ओली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कुतुबुद्दीननं आहे तसाच राक्षस दाराच्या वर टांगला.

कोरेगाव स्टेशनवरून बैलगाडी आली. साळूबाई उतरली, पदर सारखा केला आणि डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. घराकडं तिनं पाहिलंच नाही. नुसती राक्षसाकडं बघत राहिली. अंबूबाईचा जीव भांड्यात पडला.

"किती गोड हाय गं ह्यो," साळूबाई म्हणाली.

अंबूबाईनं डोळे मिटून घेतले. आता राक्षस फुटणार, आणि त्याच्यामागनं घर.

"म्होरलं दात पडल्यात बघ कसं," साळूबाई पुढं म्हणाली. "पोरं अशीच हसत्यात. आणि ह्याला तीट न्हाई लावलं? नजर लागंल की कुणाची."

नाथाजीनं कुतुबुद्दीनकडं पाहिलं. कुतुबुद्दीननं आभाळाकडं पाहिलं. राक्षसाला तीट लावतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

कुणाच्या उत्तराची वाट न बघता साळूबाईनं कुतुबुद्दीनची शिडी ओढून भिंतीला लावली आणि लुगडं खोचून चढली. वर जाऊन तिनं करंगळीनं आपल्याच डोळ्यातलं काजळ काढलं आणि राक्षसाच्या गालावर टेकवलं. काळ्याकुट्ट गालावर काळं तीट. खालून कुणाला काहीच दिसलं नाही. तरी ती मान तिरकी करून, जमलं का नाही, ते बघत बसली.

शिडी हलली. अंबूबाई पुढं धावली आणि तिनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. वर बघताना तिला साळूबाईच्या भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या, आणि त्यांच्या वर राक्षसाचं बोळकं तोंड.

"आक्का," ती खालून म्हणाली, "उतरताना चौकटीला बी एक लावा."