मोहाच्या वाटेवरचा कॅमेरा

फोटो उमटला आणि दीपालीला नाचावंसं वाटलं. त्या नखाएवढ्या कॅमेऱ्याने चार महिने तिला रडकुंडीला आणलं होतं. त्याची कागदासारखी पातळ पट्टी तिने स्वतः बनवलेल्या सर्किट बोर्डाच्या खाचेत बसवावी, आणि लॅपटॉपवर नुसत्या हिरव्या रेघा याव्यात. आज पहाटे मोहाच्या वाटेवर लावला, तर चक्क चित्र दिलं होतं. वाघ आला की बोर्डाने ओळखायचं, भोंगा वाजवायचा आणि मोह वेचणाऱ्या बायांनी माघारी फिरायचं, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

मग तिने फोटो नीट पाहिला. वाघ नव्हता. झुडपाआड रुखमामावशी बसली होती, लुगडं वर धरून, शेजारी लोटा.

सोमारीकाकूच्या अंगणात मोहफुलं वाळत घालणाऱ्या बाया तोवर लॅपटॉपभोवती जमल्या होत्या. कोणी हसलं नाही. तेच दीपालीला जास्त लागलं. रुखमामावशीने पदर तोंडाला लावला.

"पुसला, मावशी. नाई आता," दीपाली म्हणाली.

"आजचा पुसला," सोमारीकाकू म्हणाली. "वाघ एकदाच खाते, पोरी. फोटो रोज फिरन. आमी उद्यापासून नाल्याच्या वाटेनं जाऊ."

वाघ नाल्यावरच पाण्याला येतो, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

दीपालीने या कामाला मंजुरी देणाऱ्या वनखात्याच्या साहेबांना फोन लावला. फोटो साठवणार नाही, नुसता भोंगा वाजेल, असं सांगितलं.

"फोटो नाही तर वाघ आल्याचा पुरावा काय?" साहेब म्हणाले. "दर सोमवारी फोटोंचं मेमरी कार्ड ऑफिसात आलं पाहिजे. नाहीतर बाकीच्या आठ गावांची मंजुरी विसरा."

आठ गावं. दीपालीने फोन ठेवला. मग तिने सोल्डरिंग आयर्न तापवलं. कार्ड काढून भागणार नव्हतं, उद्या कोणीही दुसरं घातलं असतं. तिने कार्ड बसवायची पत्र्याची खोबणीच बोर्डावरून उचकटून काढली आणि ती रुखमामावशीच्या तळहातावर ठेवली.

भिंतीच्या कॅलेंडरवरचा वाघ कॅमेऱ्यासमोर धरला. भोंगा असा कोकलला की कोंबड्या कुडाबाहेर पळाल्या. तरी रुखमामावशीचं समाधान होईना. तिने कॅमेऱ्याला नाक लावून पाहिलं. भोंगा गप्प राहिला.

"आता मी दिसून राह्यली का याले?"

"दिसते, मावशी. सारं दिसते. पन कोनाले सांगत नाई."

"मंग बाईच हाय म्हन ना," रुखमामावशी म्हणाली. तिने कॅमेऱ्याचा तो डबा पदराखाली घेतला आणि बाकीच्या बायांच्या पुढे होऊन मोहाच्या वाटेला लागली.