लसीची लागण

"गोवराची ती नवी, श्वासातून पसरणारी लस घेतलेली पोर आहे ती. चार दिवस ती जवळ येईल त्याला लस लागणार," दत्ताराम जमावाला सांगत होता. "आपल्या मुलांना आपल्याला न विचारता टोचल्यासारखंच आहे हे."

वसाहतीच्या फाटकापाशी सहा वर्षांची ओवी आईला बिलगली होती. पहिला दगड तिच्या आईच्या, नलिनीच्या, कपाळावर बसला. ती कोसळली, पण कोसळतानाही तिने पोरीला पोटाशी झाकून घेतलं. मग काठ्या पडू लागल्या.

दत्तारामची बायको हेमलता हे ओट्यावरून बघत होती. तिची थोरली मुलगी गोवराने गेली होती. तेव्हाही दत्तारामने लस घेऊ दिली नव्हती. तिने तान्ह्याला उचललं आणि ती गर्दीत घुसली.

"हेमा, मागे हो," दत्ताराम गुरगुरला.

"मारा. बाळासकट मारा मला."

नलिनीच्या रक्ताने भिजलेल्या मातीत ती बसली आणि तिने बाळ ओवीच्या तोंडाजवळ धरलं.

"ओवी, बाळाला फुंकर घाल गं."

ओवीने हुंदके देत फुंकर घातली. त्याच क्षणी दत्तारामची काठी हेमलताच्या पाठीत बसली. बाळ दचकलं आणि रडण्यासाठी त्याने छाती भरून श्वास घेतला.